लॅपटॉपवरचं वादळ

गणपती गेल्यानंतरच्या त्या महिन्यात माझ्या लॅपटॉपवर रोज वादळ यायचं. मीच आणायचे. प्रभादेवीच्या ऑफिसात येऊन बसलं, चहाचा पहिला घोट घेतला की एक वादळ. जेवणाआधी एक. संध्याकाळी दादरला घरी निघण्याआधी, बॅग भरता भरता आणखी एक. दर वेळी पडद्यावर हिरव्या ओळी उमटायच्या: इशारा आला, इशारा वाचला, फोन लागला, फोन लागला, फोन लागला. खिडकीबाहेर लख्ख ऊन असायचं, आणि मंगळवार असला तर देवळाची रांग आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलेली असायची.

माझं काम चुका शोधण्याचं आहे. दुसऱ्याने मेहनतीने लिहिलेला प्रोग्राम मी मोडून बघते, आणि तो मोडला की मला बरं वाटतं. त्यामुळे ऑफिसात माझ्याशी सगळे गोड बोलतात, पण मी खुर्ची ओढून शेजारी बसले की त्यांचे चेहरे पडतात. आई म्हणते, ही लग्नाला गेली तरी आधी मांडवाचे खांब हलवून बघेल. मला त्यात काही वावगं वाटत नाही. मांडव पडला की सगळे म्हणतात, कुणीतरी बघायला हवं होतं.

तर त्या वादळाची गोष्ट. आमच्या धंद्यात सर्व्हरलेस नावाचा प्रकार आहे. नावावर जाऊ नका, सर्व्हर असतोच, फक्त तो आपला नसतो. कुठल्या तरी लांबच्या इमारतीत, कुणाच्या तरी मालकीचा, आपण कधीही न पाहिलेला. आपण फक्त एक छोटा प्रोग्राम लिहून तिथे ठेवतो. त्याला फंक्शन म्हणतात. ते एरवी झोपलेलं असतं. काही घडलं की उठतं, नेमून दिलेलं काम करतं आणि पुन्हा झोपतं. लग्नाला बोलावलेल्या आचाऱ्यासारखं, मुक्कामाला ठेवायची गरज नाही. मात्र ते तिथे नेऊन ठेवण्याआधी आपल्याच लॅपटॉपवर चालवून बघायचं असतं. लॅपटॉप तेवढ्यापुरता त्या लांबच्या सर्व्हरचं, म्हणजे क्लाउडचं, सोंग घेतो. खरा इशारा नसतो, मागचा कुठलातरी जुना इशारा देतो. खरा फोन नसतो, फोनचं सोंग करणारा एक तुकडा असतो, तो लगेच सांगतो, ‘लागला’. अशी रंगीत तालीम झाली की मग फंक्शन वर जातं. खऱ्या जगात.

हे काम माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राने आणलं होतं. तो वरळी कोळीवाड्यातला. घरातला पहिलाच ऑफिसात जाणारा. मोठा भाऊ बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, आणि बोटही त्यांचीच. वडील लवकर गेले. भावाने आपली शाळा सोडून जाळं धरलं आणि याला इंजिनियर केलं. हे त्याने मला एकदाच सांगितलं होतं, तेही डब्यातली मांदेली माझ्या ताटात टाकता टाकता, खाली मान घालून. आमच्या घरी मासे खातात, पण कोळणीशी भाव करण्यापलीकडे आमचा समुद्राशी काही संबंध नाही. वडिलांनी आयुष्यभर फोर्टात कारकुनी केली. समुद्र त्यांच्या ऑफिसच्या गच्चीवरून दिसायचा म्हणे.

कोळीवाड्यातल्या एका लहानशा सोसायटीच्या बोटींसाठी साधी सोय हवी होती. हवामानाचा इशारा निघाला की फंक्शनने उठायचं, इशारा आपल्या किनाऱ्याचा आहे का ते बघायचं, आणि असेल तर प्रत्येक बोटीवरच्या फोनला आणि त्या बोटीच्या घरच्या फोनला कॉल करायचा. मेसेज नाही, कॉल, कारण हाताला जाळ्याचा चिकट ओलावा असताना मेसेज कोण वाचतो. बोट एका मर्यादेपलीकडे गेली की रेंज जाते, म्हणून कॉल जितका लवकर जाईल तितका बरा. कॉलमध्ये आवाज कुणाचा ठेवायचा यावर बरीच चर्चा झाली. बँकेच्या जाहिरातीसारखा गोड बाईचा आवाज आला तर लोक कापून टाकतील, असं मित्र म्हणाला. शेवटी आमच्या मीटिंगच्या खोलीत पंखा बंद करून, घाम गाळत, त्यानेच आपल्या आवाजात बोलून घेतलं. ‘दर्यावर वादळ येतंय. बोट मागं फिरवा.’ एवढंच. आपल्या गावातल्या पोराचा आवाज ओळखतील, विश्वास ठेवतील, हा हिशोब.

बोटींचे नंबर त्यानेच घरोघर फिरून आणले. बंदराच्या टोकापासून सुरुवात करून गल्लीने आत आत येत त्याने यादी केली होती. फक्त एक घर क्रमाने नव्हतं. त्याचं स्वतःचं. ते गल्लीच्या मध्यावर होतं आणि यादीत सगळ्यात खाली.

“हे का रे खाली?” मी विचारलं. क्रम मोडलेला दिसला की मला खाज सुटते.

“आपलं शेवटी,” तो म्हणाला. “यादी मी केली ना. आपलं नाव वर दिसलं तर उद्या बंदरावर बोलतील, घरचंच बघतो.”

“पंगतीत वाढणारा शेवटी बसतो तसं?”

“तसंच. आमच्याकडे कायपण वाटायचं असलं ना, की वाटणाऱ्याचं घर शेवटी.”

मी त्याला जरा चिडवलं. कॉम्प्युटरला वर काय, खाली काय. तो हसला आणि आम्ही पुढच्या कामाला लागलो.

लॅपटॉपवर मी ते फंक्शन छळ छळ छळलं. अर्धवट इशारा दिला. दुसऱ्याच किनाऱ्याचा इशारा दिला. एकच इशारा लागोपाठ दिला. नंबरात अक्षरं घातली. सगळी यादी लावून चालवलं, पहिल्या बोटीपासून त्याच्या भावाच्या बोटीपर्यंत. डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळे फोन ‘लागले’. सगळं हिरवं. इतकं हिरवं की मला घाबरायला झालं. हे मी ऑफिसात बोलून दाखवलं तर सगळे हसले. पण खरंच, मी मोडायला बसले आणि काहीच मोडलं नाही, की माझ्या मनात पाल चुकचुकते. काहीतरी असं आहे जे मी विचारलेलंच नाही, असं वाटत राहतं. काय ते कळत नाही. रात्री जेवताना घास तसाच हातात राहतो.

आमचा मॅनेजर भला माणूस आहे, पण त्याचं एकच पालुपद. लोकल म्हणजे त्याच्या भाषेत आपलाच लॅपटॉप. “लोकलला चालतंय ना? मग टाक ना वर.” मी म्हटलं, तिथे फोन खोटा आहे. खऱ्या फोनवर, खऱ्या यादीवर एकदा तरी चालवू दे. तो म्हणाला, सोसायटी हो म्हणाली तर चालव, मला काय.

म्हणून आम्ही कोळीवाड्यात गेलो. सोसायटीचं ऑफिस म्हणजे एक खोली, कोपऱ्यात दोऱ्यांची वेटोळी, भिंतीवर देवीचा फोटो. अध्यक्षांनी खुर्च्या पुसून दिल्या, चहा मागवला. पाच-सहा म्हातारे आधीपासून बसलेले. मी समजावून सांगितलं, की एका दिवशी सगळ्या बोटींना एक खोटा इशारा पाठवायचा, म्हणजे सगळं नीट लागतंय का कळेल. मी काहीतरी घाण बोलले असावे तसे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“मॅडम,” अध्यक्ष अगदी मऊ आवाजात म्हणाले, “बोटी दर्यात असताना खोटं वादळ सांगायचं नाय.”

मी म्हटलं, कॉलमध्येच सांगू की ही चाचणी आहे म्हणून.

“तुमाला कळतंय चाचणी,” एक म्हातारा म्हणाला. “दर्याला कुठं कळतंय? नाव घेतलं की तो येतो.”

एरवी मी असल्या बोलण्याला हसले असते, आणि नंतर आठवडाभर ऑफिसात नक्कल करून दाखवली असती. पण मी मित्राकडे बघितलं. इंजिनियर झालेला, क्लाउडची सर्टिफिकेटं भिंतीवर लावलेला माझा मित्र खाली बघत होता. त्यालाही नको होतं. त्याचा भाऊ त्या दिवशी समुद्रावर होता.

मग मी म्हटलं, सगळ्या बोटी बंदरात असतील त्या दिवशी करू. त्यावर ते म्हणाले, तशा त्या आता एकदम होळीलाच येतील, नाहीतर पावसाळ्यातल्या बंदीत. तोपर्यंत थांबायला कुणीच तयार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर थांबा म्हणायला माझ्यापाशी कारण नव्हतं. नुसती धाकधूक होती. तिला कोण विचारतो.

तेव्हा आम्ही मधला मार्ग काढला. फंक्शन वर टाकलं आणि खऱ्या यादीऐवजी आमच्या तिघांचे नंबर लावून चालवलं. माझा फोन वाजला, मित्राचा वाजला, मॅनेजरचा वाजला. कानाला लावला तर मित्राचा आवाज. मॅनेजरने टाळी दिली. मग खरी यादी लावली आणि ते फंक्शन तिथे, त्या न पाहिलेल्या इमारतीत, झोपून गेलं.

सोसायटीने बंदरावर नारळ फोडला. अध्यक्षांनी जमलेल्या बायाबापड्यांना सांगितलं, “आता धोका असला की फोन येणार. आपलाच पोरगा सांगणार.” सगळ्यांनी मित्राकडे कौतुकाने बघितलं. गर्दीत माझ्या शेजारी त्याची वहिनी उभी होती. तरतरीत बाई, माझ्याच वयाची. समुद्रावर जरा वारं फिरलं की नवऱ्याला फोन लावायची तिची सवय घरात चेष्टेचा विषय होती. ती हसून मला म्हणाली, “सुटले मी. हे म्हणाले, आता तू फोन करायचा नाय. आता मशीन करेल. नाय आला फोन तर समजायचं, सगळं ठीक.”

मी तिचा हात धरून म्हटलं, “वहिनी, तसं नाही. फोन आला तर धोका आहे, हे खरं. पण नाही आला म्हणजे धोका नाही, असं समजायचं नाही. आभाळ बघायचंच.”

“बघते की,” ती म्हणाली, आणि माझ्या हातात खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी मित्राने मला जेवायला बोलावलं. फंक्शन अजून एकदाही उठलं नव्हतं. वारा पडला होता. गल्लीत दोरीवर टाकलेले बोंबील जराही हलत नव्हते, आणि मागे सी-लिंकवरून गाड्या आवाज न करता सरकत होत्या. भाऊ आदल्या दिवशी बोट घेऊन गेला होता, दोन खलाशी बरोबर. मित्राच्या आईने पापलेट वाढलं, मी नको नको म्हणताना आणखी एक तुकडी टाकली. जेवण झाल्यावर आम्ही ओट्यावर बसलो. आई सुपारी कातरत, वहिनी फोन मांडीवर ठेवून, आणि मित्र खांबाला टेकून.

त्याच्या फोनवर बारीक आवाज झाला. त्याने बघितलं. “फंक्शन उठलं,” तो म्हणाला.

आणि बंदराच्या टोकाला फोन वाजला. मग त्याच्या अलीकडच्या घरात. मग त्याच्या अलीकडे. यादी ज्या क्रमाने केली होती त्याच क्रमाने, कुणी गल्लीतून चालत येऊन एकेक दार वाजवावं तसा तो आवाज आमच्याकडे यायला लागला. दारं उघडत होती. बाया बाहेर येऊन एकमेकींना हाका मारत होत्या, ‘आला काय गं? आमाला पण आला.’ भीती होतीच, पण खोटं कशाला बोलू, अभिमानही होता. आमची वस्तू चालत होती. आमच्या समोरचा फोन वाजला. शेजारच्या घरातला वाजला. आवाज आम्हाला ओलांडून गल्लीच्या आत गेला. वहिनीने मांडीवरचा फोन दोन्ही हातांत घट्ट धरला होता. तिच्या ओठांवरून जीभ फिरत होती.

मग तो आवाज थांबला.

गल्लीच्या आतल्या टोकाला काही घरं उरली होती. ती वाजली नाहीत. आणि त्यांच्याही नंतरचं, सगळ्यात शेवटचं, हे घर.

आम्ही थांबलो. काहीच झालं नाही. वहिनीने श्वास सोडला आणि हसली. “आपल्याला नाय आला,” ती म्हणाली. “आपली बोट ठीक आहे.” ती उठली, पदर खोचला आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

मी मित्राकडे बघितलं. तो फोनवर फंक्शनची नोंद उघडून बघत होता. मी डोकावले. शेवटची एकच ओळ होती, लाल. वेळ संपली.

क्लाउडवर प्रत्येक फंक्शनला वेळेची मर्यादा असते. तेवढ्यात काम आटपलं नाही तर ते आहे तिथे बंद केलं जातं. आपण ती ठरवली नाही तर त्यांची ठरलेली लागू होते, आणि ती फार तोकडी असते. लॅपटॉपवर खोटा फोन डोळ्याची पापणी लवायच्या आत ‘लागला’ म्हणत होता. खरा फोन तसा लागत नाही. प्रत्येक नंबरामागे थोडा थोडा वेळ जातो. तिघांच्या नंबरांना तो पुरला. गावाला पुरला नाही. जे मी विचारलंच नव्हतं ते हे होतं, आणि ते मला कळलं तेव्हा मी त्या ओट्यावर बसले होते आणि आतून चहातल्या आल्याचा वास येत होता.

एवढ्यात बंदराच्या टोकाला पुन्हा फोन वाजला.

फंक्शन अर्धवट मेलं की क्लाउड ते आपणहून परत चालवतो. पहिल्यापासून. पुन्हा तोच आवाज घरामागून घर वाजवत आला, पुन्हा आम्हाला ओलांडून गेला आणि गल्लीच्या आत त्याच जागी थांबला. थोड्या वेळाने तिसऱ्यांदा. ज्यांना आधीच कळलं होतं त्यांना तो पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि बाकीच्यांपर्यंत पोचण्याआधी गळून पडत होता. त्यांना, म्हणजे आतल्या घरांना, तोपर्यंत शेजाऱ्यांच्या ओरड्यानेच कळलं होतं. त्यांच्या बायका धावत बंदराकडे निघाल्या होत्या. त्यांच्या बोटी जवळच होत्या, हाताने लावलेले फोन लागत होते.

मित्र भावाला फोन लावत होता. लागत नव्हता. पुन्हा लावत होता. वहिनी चहाचे कप घेऊन बाहेर आली. “अरे, कशाला करतोस?” ती म्हणाली. “मशीनने नाय केला ना?”

त्याने फोन कानावरून काढला. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “मर्यादा वाढव.” माझ्या बॅगेत लॅपटॉप होता. मी तो ओट्यावर उघडला. एक आकडा बदलायचा होता, बाकी काही नाही. माझी बोटं भलतीच अक्षरं दाबत होती. बदल वर गेला, तोच इशारा मी पुन्हा दिला, फंक्शन उठलं, आणि या वेळी ते सगळ्या गल्लीतून, आतल्या घरांतून, यादीच्या शेवटापर्यंत आलं. वहिनीचा फोन वाजला.

तिने तो कानाला लावला. फोनमधला आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. ‘दर्यावर वादळ येतंय. बोट मागं फिरवा.’ तिच्या कानात दिराचा आवाज होता, आणि दीर तिच्यासमोर तोंड मिटून उभा होता. ती त्याच्याकडे बघत शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग तिने कप खाली ठेवले. एकही सांडू दिला नाही.

भावाच्या बोटीवरच्या नंबरासमोर नोंदीत आलं: संपर्क क्षेत्राबाहेर.

अंधार पडायच्या आत बोटी यायला लागल्या. वारा तोवर सुटला होता आणि बंदराच्या दगडांवरून पाणी आत येत होतं. एका तांडेलाने सांगितलं, की त्याने मित्राच्या भावाची बोट बघितली होती. तांडेलाचा फोन वाजला, त्याने आपली बोट फिरवली आणि जाता जाता ओरडून हाताने खूण केली, मागे चल म्हणून. “त्याने खिशातून फोन काढून मला दाखवला,” तो म्हणाला. “माझा वाजला नाय, म्हणाला. वादळ तुझ्या बाजूला असेल. आणि पुढे गेला.” हे सांगताना तो तांडेल कुणाकडेच बघत नव्हता. मी गर्दीतून बाहेर आले आणि भिंतीला धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही खलाशी सापडले, फुटलेल्या फळीला धरलेले, जिवंत. भाऊ सापडला नाही. शोधणारे गेले, आले, पुन्हा गेले. मग जाणं थांबलं.

ऑफिसात फार काही झालं नाही. मॅनेजर रडला, खरोखर रडला, आणि मग म्हणाला की आता प्रत्येक फोनसाठी वेगळं फंक्शन करू, म्हणजे कुणाच्या मागे कुणी उभं राहणार नाही. ते मी आणि मित्राने मिळूनच केलं. तो रोज वेळेवर यायचा. सोसायटीने सोय बंद केली नाही. उलट शेजारच्या कोळीवाड्यांतून विचारणा झाली, कारण ज्यांना फोन आला होता ते सगळे घरी परतले होते. ही गोष्ट लोक आनंदाने सांगायचे. मला संताप यायचा, पण तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं. त्यांचं खरं होतं.

थंडी पडल्यावर एकदा मी त्याच्या घरी गेले. आई त्याच ओट्यावर बसली होती. मला जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला. मित्र समोर उकिडवा बसला. मी असतानाच त्याला ते बोलायचं होतं, मागाहून शब्द फिरवता येऊ नये म्हणून. त्याने आईला सगळं सांगितलं. यादी कशी केली, क्रम कसा होता, आपली बोट त्याने मुद्दाम कुठे लावली आणि का. सांगताना तो एकदाही अडखळला नाही.

आईने ऐकून घेतलं. हातातला अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाली, “वर लावली असतीस, तर शेवटी कोण राहिलं असतं?”

“दुसरं कोणीतरी,” तो म्हणाला.

“मग बरोबर केलंस. त्या घरच्या बाईचं तोंड मी रोज कसं बघितलं असतं?” आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “बाय, त्याने बरोबर केलं.”

मला हुंदका आला. मित्रानेही डोळे पुसले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी काहीतरी माफ केलं होतं, असं मला वाटलं.

वहिनी दारात उभी होती. ती कधी आली ते आम्हाला कळलं नव्हतं. हातावरचं पाणी पदराला पुसत, अगदी नेहमीच्या आवाजात ती म्हणाली, “मला कोणी विचारलं नाय. विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, आपली पयली लाव.”

आईने मान वर केली नाही. मित्राने तिच्याकडे बघितलं आणि हळूच मान हलवली, हो म्हणून. ती आत गेली आणि तिने नळ सोडला.